रंग खरवडणाऱ्याची जबाबदारी

वाचकहो, दुसऱ्याचा दोष उघडा करणे केव्हा न्याय्य ठरते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी क्षणभर एका जुन्या मोटारीकडे पाहू या.

लखनौच्या गोमती नगरात स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या दारात वडिलांच्या काळातील अ‍ॅम्बेसेडर उभी आहे, अशी कल्पना करा. या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तेव्हा आहे तिलाच जपणे आले. जुन्या रंगावरच नवा रंग चढविला, तर ती काही दिवस झळकेल. परंतु आतला गंज पत्रा खातच राहील. म्हणून जेथे गंज आहे तेथे रंग काढावाच लागतो.

पण तो कसा काढावा? पातळ, सपाट पत्र्यावर वाळूचा जोरदार मारा केला, तर पत्राच वाकतो. म्हणून बॉनेटवर वा दरवाजावर जाणता कारागीर पेंट रिमूव्हर लावतो, रंग फुगून सुटेपर्यंत थांबतो आणि मग तो हलक्या हाताने खरवडतो. जेथे जुना रंग घट्ट व निरोगी आहे, तेथे तो पॉलिश पेपरने घासून त्यावरच नवे अस्तर देतो. सगळेच उघडे करण्याचा हट्ट तो धरीत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. उघडा पडलेला पोलादी पत्रा निराधार असतो. दमट हवेत काही तासांतच त्यावर तांबूस झाक येऊ लागते. म्हणून तो स्वच्छ व कोरडा करून शक्यतो त्याच दिवशी प्रायमर द्यावा लागतो. ज्याच्यापाशी प्रायमर तयार नाही, त्याने रंग खरवडायला घेऊ नये.

आता माणसांकडे वळू या. मंडळीतील एखाद्या तरुणाचे व्यसन किंवा हिशेबनिसाची अफरातफर आपण चारचौघांत मांडतो आणि सत्य सांगितल्याच्या समाधानात घरी जातो. मागे राहिलेला तो माणूस लोकांच्या बोलण्याने अधिकच खचतो. मग दोष झाकावेत काय? मुळीच नाही. विशेषतः त्या दोषाने इतरांची हानी होत असेल, तर विलंब करणे हाही अपराधच होय. परंतु बोलणाऱ्याचे कर्तव्य बोलण्याने संपत नाही. व्यसनी तरुणाला उपचारासाठी कोण नेणार, हिशेबनिसाच्या मुलांची फी कोण भरणार, याचा विचार त्याने आधीच केलेला असावा.

वाचकहो, पुढच्या वेळी कोणाचा दोष बोलून दाखविण्याची वेळ आली, तर त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जाण्याची आपली तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.