औदुंबराचे अदृश्य सोबती

श्रीदत्तप्रभूंच्या उपासनेत औदुंबर वृक्षाचे स्थान अनन्यसाधारण आहे. कृष्णाकाठी औदुंबर व नृसिंहवाडी या क्षेत्री भाविक या वृक्षास श्रद्धेने वंदन करतात. परंतु हा वृक्ष स्वतः कोणाच्या आधाराने उभा आहे, याचा विचार क्वचितच केला जातो.

दुर्मीळ दर्शनास ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः उंबराला फुले असतात. ती फळाच्या पोटात दडलेली असतात. तेथे वारा पोहोचत नाही, मधमाशीही नाही. पोहोचते ती केवळ तिळाएवढी एक माशी. अरुंद छिद्रातून आत शिरताना तिचे पंख तुटतात. सोबत आणलेले पराग ती फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच देह ठेवते. त्या फुलांत तिची पिले वाढतात, उरलेल्या फुलांत वृक्षाचे बी धरते. फळ फोडताच दिसणारे किडे पाहून मनुष्य ते टाकून देतो. पण त्या किड्यांवाचून उंबराचा वंशच चालत नाही. नव्या माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. एक-दोन दिवसांच्या आयुष्यात त्यांना दुसरा उंबर गाठावा लागतो. पिकलेली फळे तांबट, कोकीळ, वटवाघळे खातात आणि बी दूरवर नेतात.

येथे उपकारकर्ता कोण? माशी आपल्या संततीसाठी झटते, पक्षी आपली भूक भागवतो. हेतूवाचून घडलेल्या या देवघेवीस पुण्य म्हणता येणार नाही. तथापि प्रत्येकाच्या भागात दुसऱ्याचा वाटा राहतो, म्हणूनच सारे टिकतात. मनुष्याचे तसे नाही. हा वाटा ठेवणे वा हिरावून घेणे, दोन्ही त्याच्या हाती आहे आणि परिणाम त्याला कळतो. म्हणून कर्तव्यही त्याच्याच वाट्यास येते.

मंदिरातील औदुंबर जपला आणि परिसरातील बांधावरचे, ओढ्याकाठचे उंबर तोडले, तर माशीला जाण्यास ठिकाण उरणार नाही. पारावरचा वृक्ष हिरवा दिसेल, परंतु त्याच्या फळात बी धरणार नाही. एकाची पूजा आणि त्याच्या सोबत्यांचा नाश, ही भक्ती अपुरीच होय.

भाविकांनी वृक्षाच्या बुंध्याशी कापूर, उदबत्ती लावू नये. फळांवर आलेल्या पाखरांस हुसकावू नये. आपल्या गावी एखादा उंबर राखावा. त्या दानाची पावती मिळत नाही. तथापि ती सेवा श्रीचरणी खचितच रुजू होते.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥