शुद्धी : शब्दाचा अर्थ आणि आचारातील विनियोग

ज्या शब्दांचा आपण नित्य उच्चार करतो, त्यांचा अर्थ निवांतपणे पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ‘शुद्धी’ हा असाच एक शब्द होय. शुद्ध आचार, शुद्ध आहार, शुद्ध अंतःकरण असे आपण म्हणतो; परंतु शुद्धी म्हणजे नेमके काय आणि अशुद्धी कोठे राहते, असे कोणी विचारल्यास उत्तर सहज येत नाही. म्हणून या शब्दाचा थोडा विचार करणे योग्य होईल.

‘शुध्’ या एकाच धातूपासून शुद्ध, शुद्धी, शोध आणि शोधन हे शब्द सिद्ध होतात. भेसळ नसलेल्या तुपास आपण शुद्ध म्हणतो. चंद्र वाढत जाणाऱ्या पंधरवड्यास शुद्ध पक्ष म्हणतो. ग्रंथातील चुका दाखविणाऱ्या पानास शुद्धिपत्र म्हणतो. याखेरीज मराठीने या शब्दास आणखी एक अर्थ दिला आहे. मूर्च्छित मनुष्य डोळे उघडतो, तेव्हा ‘तो शुद्धीवर आला’ असे आपण म्हणतो. येथे शुद्धी म्हणजे भान, जाणीव. यावरून असे दिसते की, शुद्धी ही केवळ कशापासून दूर राहण्याने मिळणारी वस्तू नव्हे. तीत शोध आहे, दुरुस्ती आहे आणि जागृतीही आहे.

लोकव्यवहारात मात्र शुद्धी म्हणजे सोवळे, आणि सोवळे म्हणजे स्पर्श टाळणे, एवढाच अर्थ उरला. हा अर्थ आपल्या शास्त्रास मान्य आहे काय, हे पाहिले पाहिजे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञांनी निरूपिले. त्यांपैकी जीव हा अनादि अविद्येने युक्त आहे. त्याचा खरा मळ तो हाच. हा मळ कोणाच्या स्पर्शाने लागलेला नाही. म्हणून तो पाण्यानेही जात नाही. ज्ञानाने आणि परमेश्वराच्या अनुसरणानेच तो दूर व्हावयाचा. स्नानाने देह निर्मळ होतो, आणि तसा तो ठेवणे योग्यच आहे. परंतु देहाच्या निर्मळतेस जीवाची शुद्धी समजणे हे अन्यथाज्ञान होय.

लीळाचरित्रात स्त्रियांच्या ऋतुस्रावाविषयी सर्वज्ञांचे जे निरूपण आहे, त्याचे मर्म येथेच आहे. देहाला नऊ द्वारे आहेत. नाकातून, कानांतून, डोळ्यांतून जसा मळ येतो, तसाच हाही देहाचा एक स्राव. तो येतो आणि थांबतो. त्याचा विटाळ धरू नये, असा त्याचा आशय आहे. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी हे सांगितले गेले.

येथे कोणी शंका घेतील की, असे असता आपल्या वासनिकांच्या काही घरांत आजही त्या चार दिवसांत सुनेला बाजूला बसवितात, पोथीस हात लावू देत नाहीत, हे कसे? त्याचे समाधान असे की, ही रीत शेजारच्या चालीवरून आली आहे, शास्त्रावरून नव्हे. जालना जिल्ह्यातील जयदेववाडीस, जाळीच्या देवास, स्त्रिया दूरदूरच्या गावांहून स्थानवंदनास येतात. त्यांनी तिथी मोजून, भीत भीत यावे हे योग्य काय? स्त्रीचा जीव पुरुषाच्या जीवाहून धाकटा नाही, ही सर्वज्ञांची शिकवण आहे. मग महिन्यातील चार दिवस स्मरणाचा अधिकार तिच्याकडून काढून घेणारे आपण कोण?

स्त्रीविषयी जे, तेच जातीविषयी. ऋद्धिपुरात मातंगांना पाण्याचे कष्ट होते. त्यांनी श्रीप्रभूंना विनविले, आणि श्रीप्रभूंनी दाखविलेल्या जागी खणता पाणी लागले, अशी लीळा आहे. याच्या उलट एक प्रसंग विसाव्या शतकातील आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर काही सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून त्या तळ्याची ‘शुद्धी’ केली. जनावरे ज्या तळ्यावर पाणी पीत होती, ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले, असे त्यांना वाटले. एका ठिकाणी तहानलेल्यास पाणी मिळाले, दुसऱ्या ठिकाणी तहानलेल्याने पाण्यास स्पर्श केला म्हणून पाण्याचेच प्रायश्चित्त झाले. यांपैकी शुद्धी कोणती, हे साधकाने स्वतःच ठरवावे. चारही वर्णांच्या दारी भिक्षा करण्याचा विधी ज्या पंथात आहे, त्यास याचे उत्तर अवघड नसावे.

आपल्या पूर्वजांनी शुद्धी कशी सांभाळली, याचे एक उदाहरण ग्रंथांतही आहे. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीच्या काळात नष्ट झाली. तेव्हा ज्यांना जसे स्मरत होते तसे जुळवून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. जेथे आठवणींत भेद पडला तेथे एकच पाठ ठेवून दुसरा पुसून टाकला नाही. ‘वासना’ म्हणून भिन्न पाठही नोंदवून ठेवले. वेगळे ते बाहेर टाकून नव्हे, तर प्रामाणिकपणे शोधून ग्रंथ शुद्ध राखला. शोधन ते हेच.

तात्पर्य, ज्याची शुद्धी स्पर्शाने जाते, त्याची ती शुद्धी नव्हेच. दिवसाच्या अखेरीस साधकाने आपणास विचारावे : आज स्मरणात खंड कोठे पडला? कोणाचे मन दुखविले? कोणत्या जीवाची हिंसा झाली? जो असा शोध घेतो तो शुद्धीवर आहे. जो घेत नाही, त्याने दिवसातून तीन वेळा स्नान केले तरी त्याची शुद्ध हरपलेलीच आहे. आणि येत्या पारायणास घरातील सुनेने पोथीपुढे बसावे की नाही, असा प्रश्न कोणाच्या घरी निघाला, तर पोथी तिच्याच हाती द्यावी.

दंडवत प्रणाम.