सत्याचा खर्च कोणी सोसायचा?

मुंबईच्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात 1860 साली करसनदास मुळजी यांनी वल्लभ या वैष्णव संप्रदायातील महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, अनाचारावर कोरडे ओढले. भक्तीच्या नावाखाली स्त्रियांचे शोषण होते, असे त्यांनी लिहिले आणि जदुनाथजी महाराजांचे नावही घेतले. करसनदास स्वतः वैष्णवच. महाराजांनी 50,000 रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला.

लढाई कोर्टाबाहेरही पेटली. महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, म्हणून भाटिया जातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून बहिष्काराचा धाक घातला. करसनदासांनी त्यावर फिर्याद केली, पुढाऱ्यांना दंड झाला. 1862च्या जानेवारीत मुख्य खटला उभा राहिला. डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला आले आणि महाराजांच्या गुप्तरोगाबद्दल भर न्यायालयात बोलले. त्या काळी याला किती धैर्य लागले असेल! प्रश्न धर्मशास्त्राचा नाही, नीतीचा आहे, असे न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी ठरवले. एप्रिलमधल्या निकालात आरोप खरे ठरले.

करसनदासांना खर्चापोटी 11,500 रुपये मंजूर झाले. प्रत्यक्षात त्यांचे त्याहून जास्त गेले होते.

सत्य हा बचाव आहे, असे कायदा सांगतो. पण तो कामी येतो खटला लढून झाल्यावर. तोवर पैसा, झोप, नातीगोती सारे पणाला लागलेले असते. ज्याची ऐपत नाही, त्याच्यापुरते सत्य असून नसल्यासारखेच. म्हणूनच काही दावे जिंकण्यासाठी नसतातच, समोरचा थकून गप्प बसावा एवढ्यासाठी असतात. अमेरिकेत त्यांना ‘स्लॅप’ म्हणतात. कॅलिफोर्नियाने 1992 मध्ये कायदा केला, की सार्वजनिक प्रश्नावरील बोलण्याबद्दल दावा असेल, तर जिंकण्यासारखे काही हाती आहे हे वादीने सुरुवातीलाच दाखवावे. नाही दाखवता आले, तर दावा फेटाळायचा आणि प्रतिवादीच्या वकिलाची फीही वादीनेच भरायची. ज्याची खरोखर बदनामी झाली, त्याची वाट यात बंद होत नाही. लिहिणाऱ्याने शब्दाची जबाबदारी घ्यावी, तशी दावा करणाऱ्याने दाव्याची घ्यावी, हे न्याय्यच आहे.

भारतात असा कायदा नाही. मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेविरुद्ध झी कंपनीने केलेल्या बदनामीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने लेख हटवण्याचा अंतरिम आदेश रद्द केला आणि स्लॅपचा उल्लेख करून खालच्या न्यायालयांना सावध केले. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी अजूनही फौजदारी गुन्हा आहे. आरोप खरा असून तिथे भागत नाही. तो लोकहितासाठी केला होता, हेही दाखवावे लागते, आणि तेही आरोपी म्हणून तारखांना हजर राहून.