रस्ता मोकळा होता म्हणे

‘रस्तो मोकळो होतो, म्हणान वायच पळवलंय.’ या आठवड्यातही हेच ऐकावं लागलं. वळणावरचा तो अपघात कसा झाला ते सगळ्या मालवण तालुक्याला ठाऊक आहे, पुन्हा सांगत बसत नाही. बाकीच्या सबबीही नेहमीच्याच निघाल्या. ब्रेक लागला नाही, समोरच्याने हॉर्न दिला नाही. असेलही तसं. पण मोकळ्या रस्त्याची ही जी सबब आहे, ती ऐकली की माझं डोकं फिरतं, कारण ती सांगणाऱ्याला आपण काही चुकीचं केलं असं वाटतच नाही आणि ऐकणारेही माना डोलावतात.

आपल्याकडे मोकळा रस्ता आहे तरी कुठे? तारकर्लीवरून देवबागला जा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे जमिनीची अरुंद पट्टी आणि तिच्यावरून जाणारा एकच रस्ता. दोन्ही बाजूंना माडांतली घरं. तिथे रस्ता म्हणजे गावाची पडवी आहे. सुकवलेली मासळी उचलायला बाई त्याच रस्त्यावरून जाते, पोर सायकल शिकतं तेही तिथेच, वासरू आडवं येतं तेही तिथेच. किनाऱ्यावरची वाळू वाऱ्याने डांबरावर येऊन बसते. तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला की स्कुटीचं चाक सरकलंच. भर दुपारी अडीच वाजता या रस्त्यावर माणूस दिसत नाही हे खरं. पण दिसत नाही म्हणजे नाही, हे कोणी ठरवलं? माणूस बेड्याच्या आत आहे, माडाच्या आड आहे, आता पाऊल बाहेर टाकणार आहे.

आचऱ्याकडे, चौक्याकडे वेगळी गोष्ट नाही. चिऱ्यांचे गडगे छातीएवढे उंच, पावसाळ्यात त्यांवर रान माजलेलं. गडग्यामधली पाणंद थेट डांबरावर उघडते. त्या पाणंदीतून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई येत असेल, तर तुम्हाला आधी भाऱ्याचं टोक दिसतं आणि तिला तुम्ही दिसतच नाही. साठच्या वेगात तुम्ही सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाता. डोळ्याने पाहिलं आणि हाताने ब्रेक दाबला, एवढ्यात तो सेकंद संपतो. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, गाडी थांबायला आणखी अठ्ठावीसेक मीटर. म्हणजे सगळे मिळून पंचेचाळीस. चाळीसच्या वेगात हेच अंतर चोवीस मीटरवर येतं, तीसच्या वेगात पंधरावर. आपल्या वळणांवर पंचेचाळीस मीटर पुढचं दिसतं तरी का? आणि हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आहे. मासळीच्या टेम्पोतून गळलेलं बर्फाचं पाणी घाटीवर पसरलेलं असतं, त्याचा हिशेब कोणी करायचा?

त्यात आरसे. स्कुटीचे आरसे आतल्या बाजूला वळवून ठेवायची जी नवी रीत पोरांनी काढली आहे, तिच्याबद्दल मी पूर्वीही लिहिलं आहे आणि पुढेही लिहिणार. मागून वाळूचा डंपर येतोय हे ज्याला पाहायचंच नाही, त्याने रस्ता मोकळा असल्याचं सांगू नये.

बरं, इतकं करून मिळतं काय? मालवण ते तारकर्ली सहा-सात किलोमीटर. साठने गेलात तर सहा-सात मिनिटं, चाळीसने गेलात तर नऊ-दहा. तीन-साडेतीन मिनिटं वाचतात. ती गाडीवाल्याची वाचतात आणि त्यांची किंमत गवताच्या भाऱ्याखालच्या बाईने मोजायची, हा कुठला न्याय? तिला कोणी विचारलं होतं?

कायद्याने साठ चालतं, असंही ऐकवतात. केंद्राच्या 2018च्या अधिसूचनेत अशा रस्त्यांवर दुचाकीसाठी साठ ही कमाल मर्यादा आहे, हे बरोबर. पण ती कमाल आहे. साठच्या वर जायचं नाही एवढंच तिने सांगितलं, प्रत्येक वळणावर तिथवर पोचा असं नाही. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार माणसं गेली. त्यांतली शंभरातली एकाहत्तर अतिवेगाच्या खात्यात नोंदली गेली, आणि शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. जिथे पायी चालणारा आणि गाडी एकाच रस्त्यावर असतात तिथे तीसच्या वर जाऊ नये, असं 2020च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी म्हटलं. देवबाग तर त्यासाठीच बनवल्यासारखं गाव आहे.

आपल्याला तर वेग आणखी महाग पडतो. डोक्याला जबर मार लागला की इथला माणूस अनेकदा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यावा लागतो. मालवणातून निघून कुडाळ, सावंतवाडी, बांदा, म्हापसा करत रुग्णवाहिका पोचेपर्यंत दोन तासांहून जास्त वेळ जातो. ज्या पहिल्या तासाचं महत्त्व डॉक्टर सांगून थकले, तो वाटेतच संपलेला असतो. हेल्मेट कोपराला अडकवून फिरणाऱ्याने हा रस्ता एकदा रुग्णवाहिकेत नातेवाईक म्हणून बसून पाहावा. त्या गाडीत कोणी बोलत नाही.

आता पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात चावी देणाऱ्या बापाशी भांडायचं आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. 1972 साली लुना आली, तिच्या जातीच्या गाड्या डोळ्यांसमोर होत्या तेव्हाचा हा विचार. आज घरोघरी आहे ती 110 किंवा 125 सीसीची स्कुटी, सहज ऐंशीला जाणारी. ती अल्पवयीन पोराला दिली तर 2019च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे. हे मी एका बापाला सांगितलं. तो म्हणाला, ‘सकाळची एसटी चुकली तर पोरान कॉलेजात जावचा कसा?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एसटी वेळेवर सुटली तर निम्मी पोरं गाडीवर बसणारच नाहीत, हे मलाही दिसतं. पण गाडी द्यावीच लागत असेल, तर बाबांनो, निदान आरसे बाहेर वळवून द्या. आणि पोराला पाणंदी दाखवा. कुठल्या गडग्यामागे कोणाचं घर आहे, कोण किती वाजता पाणी भरायला निघतं, हे त्याच्या आजीला तोंडपाठ असतं.

पंचायतींनाही एक सांगायचं आहे. वेगमर्यादेची पाटी लावा म्हटलं की खांबाला जागा नाही म्हणून सांगता. त्याच वळणावर वाढदिवसाचा दहा फुटी फलक बाराही महिने उभा असतो आणि पाणंदीचं तोंड त्याच्याच मागे झाकलेलं असतं. आधी तो काढा.