विसण

देवाने ऊनपाण्याची वाटणी केली तेव्हा कोकणाला झुकतं माप दिलं. उन्हवरे, आरवली, राजापूर. वर मुंबईजवळ वज्रेश्वरी. आमच्या चंद्रपूरला त्याने कोळसा दिला, वाघ दिले आणि मे महिना दिला. मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला येतं, ते बघून वज्रेश्वरीच्या कुंडानेही हात जोडावेत. पण मे महिन्यातल्या गरम पाण्याला कुणी पैसे देत नाही. पैसे पडतात ते जानेवारीत.

ते आमच्या पुण्याच्या चिरंजीवांनी भरले. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ताडोब्याला, मोहर्लीच्या वाटेवर, एका बड्या मुक्कामी त्याने आमच्या दोन रात्री ठरवून टाकल्या. एका रात्रीचं भाडं मी चोरून पाहिलं. मास्तरकीतला माझा पहिल्या दोन वर्षांचा पगार एकत्र केला असता तरी मी मध्यरात्रीपर्यंतच तिथे राहू शकलो असतो. खोलीमागे आमच्या दोघांपुरतं गरम पाण्याचं कुंड होतं. बाहेर बांबूचं बन, पलीकडे जंगल, आणि पाण्यातून वाफा. मी गळ्यापर्यंत बुडून बसलो आणि मला वाटलं, वाघ दिसला नाही तरी चालेल.

आता, सुखात बसलेल्या मध्यमवर्गीय माणसाला तिसऱ्या मिनिटाला टोचणी लागते. ती लागली नाही तर त्याला भाडं फुकट गेल्यासारखं वाटतं. माझी टोचणी टॉवेल घेऊन उभी होती. विशीतला पोरगा, अंगात मुक्कामाचा गणवेश.

"कुठला रे तू?"

"गडचिरोलीकडचा जी. धानोऱ्याचा."

गडचिरोली 1982 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे पोरगा घरचाच निघाला. मग तर मला फारच वाईट वाटलं.

"हे पाणी तापवतं कोण?"

"मीच जी. चार वाजता उठतो, मागे बॉयलर आहे ना."

चार वाजता! बाहेर अशी थंडी की दात वाजावेत. मी पाण्यात आणखी दोन इंच खाली सरकलो. लाजेने म्हणा, थंडीने म्हणा.

"आणि तुझ्या घरी?"

"घरी माय तापवते जी. चुलीवर. लाकडं तिच आणते."

हे तो इतक्या सहज म्हणाला की पुढे काय विचारावं ते मला सुचेना.

रात्री मी सौभाग्यवतींपुढे प्रश्न मांडला. दुसऱ्याने पहाटे उठून तापवलेल्या पाण्यात सुखाने बसणं हे नीतीला धरून आहे का? पैसे मोजले म्हणजे त्याची पहाट आपली होते का? भरीला मी वीज केंद्रही आणलं. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र 1983 पासून चालू आहे, आज 2920 मेगावॅटचं आहे. पुण्या-मुंबईला गिझरचं बटण दाबलं की इकडे कोळसा जळतो. म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं ऊनपाण्याचं कुंड आमचंच, फक्त पाणी निघतं दुसऱ्यांच्या न्हाणीत! बोलणं चांगलं रंगलं होतं. वर्गात मी असा रंगलो की पोरं झोपत. ही झोपली नाही.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी पाणी तापवून बादली काढून दिली. वर विसणसुद्धा घालून. तेव्हा नाही विचारलंत नीतीचं?"

"तो घरचा व्यवहार..."

"त्या पोराला निदान पगार आहे," ती म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं.

मला झोप लागली नाही. मऊ गादीचा दोष असेल. आमच्या जुन्या घरातला तांब्याचा बंब डोळ्यांपुढे आला. आईच्या आधी तो कधी पेटला नाही, आणि आईची अंघोळ सगळ्यांच्या शेवटी, निखारे विझल्यावर. तिच्या वाट्याला कोमट पाणी यायचं. तिला कोमटच आवडतं अशी आमची घरभर समजूत होती.

एकदाच वडिलांच्या इसबासाठी आम्ही एस. ट्या बदलत बदलत उनकेश्वरला गेलो होतो. किनवट तालुक्यात, पैनगंगेकाठी. शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून ते पाणी काढलं, असं सांगतात. शाळेत मी पोरांना शिकवायचो ते वेगळं: पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. काहीही असो, त्या पाण्यासाठी कुणी चार वाजता उठलेलं नसतं. वडील पाच मिनिटांत गंधकाच्या वासाला कंटाळून बाहेर आले. आई बायकांच्या बाजूने गेली ती तासभर परतली नाही. वडील बाहेरून हाका मारीत होते, "अगं, गाडी चुकेल!" आतून ओ नाही. शेवटी ती आली तेव्हा चेहरा लाल झाला होता, आणि गाडी खरंच चुकली होती. वडील त्यावर वर्षभर बोलत होते. ती मात्र त्या गाडीबद्दल एकदाही वाईट वाटलं म्हणाली नाही. मला ते पन्नास-पंचावन्न वर्षांनी, एवढ्या भाड्याच्या खोलीत कळलं.

पहाटे चारला मागच्या बाजूला खटका पडला, बॉयलर घुरघुरला. मी हिला उठवलं. म्हटलं, आज तू आधी जा, मी टॉवेल धरतो. पोराला मी परत पाठवलं. तो बिचारा घाबरला, काही चुकलं का जी, म्हणून दोनदा विचारून गेला. ही पाण्यात उतरली. मी थंडीत कुडकुडत उभा. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली.

"झालं का गं?"

ओ नाही.

अर्ध्या तासाने मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात आपण उनकेश्वरला जाऊ. तिथे कुणालाच उठावं लागत नाही."

"मी जाईन," वाफेतून आवाज आला. "तुम्ही नका येऊ. बाहेरून हाका माराल."

आणि जरा वेळाने, "पाणी जरा जास्त कढत आहे. थोडं विसण घाला बघू."

मी बादली शोधायला निघालो.