शस्त्राच्या मोलाने देऊ केलेला हक्क

एखाद्या मनुष्याचा न्याय्य हक्क पुष्कळ वर्षे दुसऱ्याने अडवून धरला असावा, आणि एके दिवशी त्यास सांगण्यात यावे की, तुझा हक्क आम्ही देतो, परंतु त्याबरोबर तुझ्या अंगणाचे कुंपण काढून नेतो. तर त्याने काय करावे? हक्क पदरात घ्यावा, की कुंपण राखून हक्काची वाट पाहत बसावे? हा प्रश्न कोणी गंमत म्हणून रचलेला नाही. एका बलाढ्य राष्ट्राच्या राजधानीपुढे तो २००९ साली खरोखरच उभा राहिला. तो प्रश्न परक्या देशातला असला तरी त्यात गोवलेली नीतीची गोष्ट आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांसही विचार करण्याजोगी आहे, असे वाटल्यावरून आम्ही तो येथे मांडीत आहो.

हे नगर म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी वॉशिंग्टन. ज्या देशातून १८१३ साली पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, त्या देशाचे हे मुख्य नगर. त्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. ते कोणत्याही संस्थानात मोडत नाही. तेथील राष्ट्रीय विधिमंडळास काँग्रेस म्हणतात, आणि राज्यघटनेने ह्या नगरावरील कायदे करण्याचा सर्व अधिकार त्या काँग्रेसकडे दिला आहे. परंतु काँग्रेसच्या सेनेटात ह्या नगराचा एकही सभासद नाही. प्रतिनिधिगृहात एक प्रतिनिधी बसतो, तो बोलू शकतो, पण कायदा मंजूर करण्याच्या वेळी त्याचे मत मोजले जात नाही. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकारसुद्धा येथील लोकांस १९६१ साली मिळाला. सुमारे शंभर वर्षे नगराचा कारभार वरून नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या हाती होता. १९७३ साली काँग्रेसने कायदा केला, आणि १९७५ च्या आरंभापासून लोकांनी निवडलेला महापौर व नगरमंडळ कारभार पाहू लागले. तरीही नगरमंडळाचा कोणताही कायदा रद्द करण्याची किंवा फिरविण्याची सत्ता काँग्रेसने आपल्या हाती ठेविली. २०१० च्या शिरगणतीत ह्या नगराची वस्ती सहा लक्षांवर भरली. ते लोक कर भरतात, सैन्यात जातात. पण जेथे कर व युद्ध ठरते, तेथे त्यांस मत नाही.

लोकनियुक्त नगरमंडळाने हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे १९७६ चा बंदुकांचा कायदा. नव्या पिस्तुलांची नोंदणी बंद करण्यात आली, म्हणजे नागरिकाने घरात पिस्तूल बाळगणे बहुतेक अशक्यच झाले. लांब नळीची बंदूक घरात असलीच, तर ती सुटी करून किंवा चापास कुलूप घालून व काडतूस न भरता ठेवावी, असा दंडक झाला. हा कायदा बत्तीस वर्षे चालला. पुढे डिक हेलर नावाच्या एका पहारेकऱ्याने न्यायालयात गाऱ्हाणे नेले. दिवसा सरकारी इमारतीच्या पहाऱ्यावर आपल्या कमरेस पिस्तूल चालते, आणि रात्री स्वतःच्या घरात चालत नाही, हे कसे, असा त्याचा प्रश्न होता. २००८ च्या जून महिन्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निवाडा दिला की, शस्त्र बाळगण्याचा हक्क हा व्यक्तीचा हक्क आहे आणि घरातील पिस्तुलावरची सरसकट बंदी घटनेस धरून नाही. मात्र प्रत्येक शस्त्र प्रत्येकाने प्रत्येक ठिकाणी न्यावे असा ह्या हक्काचा अर्थ नव्हे, आणि नियम करण्यास जागा आहे, हेही त्याच निवाड्यात सांगितले होते. नगरमंडळाने निवाडा मानला आणि नवे नियम करावयास घेतले.

येथवर कोणास फारसे खटकण्यासारखे काही नाही. न्यायालयाने दोन्ही पक्षांचे ऐकले, कारणे दिली, आणि नगराने मान लवविली. परंतु काँग्रेसला एवढ्याने समाधान झाले नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात प्रतिनिधिगृहाने २६६ विरुद्ध १५२ मतांनी एक विधेयक मंजूर केले. त्यात नगराचे उरलेले बहुतेक निर्बंध काढून टाकण्याची योजना होती. सेनेटात ते पुढे गेले नाही. मग २००९ च्या फेब्रुवारीत दुसरा प्रसंग आला. नगराला प्रतिनिधिगृहात खरे मत द्यावे, असे विधेयक सेनेटापुढे होते. नेवाडा संस्थानाचे सभासद जॉन एन्साइन यांनी त्यास एक उपसूचना जोडली. नगराची बंदुकांची नोंदणी जावी, पुष्कळशा शस्त्रांवरील बंदी जावी, आणि लोकांस शस्त्र बाळगण्यापासून परावृत्त करील असा कायदा करण्याची सत्ताच नगरमंडळाकडे राहू नये, असा तिचा आशय होता. उपसूचना ६२ विरुद्ध ३६ मतांनी, आणि सारे विधेयक ६१ विरुद्ध ३७ मतांनी मंजूर झाले. दोनशे वर्षांच्या प्रतीक्षेनंतर मत दारापर्यंत आले, पण ते बंदूक खांद्यावर घेऊनच आले!

आता प्रतिपक्षाचे म्हणणे आम्ही टाळू इच्छीत नाही. कारण एका बाजूचेच ऐकून न्याय करणे देवास अमान्य आहे. ते म्हणतात, आत्मरक्षण हा मनुष्याचा स्वाभाविक हक्क आहे. रात्री घर फोडणाऱ्या चोरास प्रतिकार करणाऱ्यावर मोशेच्या नियमशास्त्रानेही रक्तपाताचा दोष ठेविला नाही. ते आणखी म्हणतात, जुलमी सत्ता पहिल्याने प्रजेची शस्त्रे काढून घेते. हेही खोटे नव्हे. पलिष्ट्यांनी इस्राएलाच्या देशात लोहार राहू दिला नाही, आणि शेतकऱ्यास आपला फाळ पाजवून घेण्यासाठीसुद्धा शत्रूच्या दारी जावे लागले, ही कथा शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. आमच्या देशातही १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्याने हिंदी मनुष्यास परवान्यावाचून शस्त्र नाही, आणि युरोपियन मनुष्यास मात्र मोकळीक, असा भेद केला होता. त्याची सल आमच्या वडिलांच्या मनात किती होती, हे सांगावयास नको. शिवाय ते विचारतात, एवढी बंदी असून त्या नगरात खून थांबले काय? त्यासही उत्तर दिले पाहिजे. बंदी चालू असतानाच १९९१ साली त्या नगरात साडेचारशेहून अधिक खून झाले. पुढे २०१२ साली ते शंभराच्या आत आले, आणि २०२३ साली पुनः दोनशे सत्तरांवर गेले. केवळ कायद्याच्या जोराने खून वाढतात किंवा घटतात असे ह्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. नगराच्या वेशीपलीकडे व्हर्जिनिया व मेरीलंड ही संस्थाने आहेत, आणि नगरात सापडणारी पुष्कळ पिस्तुले तिकडूनच आलेली असतात. एका घराने उंदरांचे बीळ बुजविले आणि शेजारच्या घराने उघडे ठेविले, तर उंदीर कसे थांबावे?

सर्वांत जड आक्षेप निराळाच आहे. स्थानिक लोकांची इच्छा हीच सदा न्याय्य असते काय? अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थाने आपल्या स्थानिक अधिकाराच्या नावाने काळ्या लोकांस शाळा, खाणावळी व मतदान यांपासून दूर ठेवीत होती. तो जुलूम मोडण्यास १९६४ व १९६५ साली राष्ट्रीय कायदेच करावे लागले. आमच्या खेड्यांतही गावकीची एकमुखी इच्छा म्हणून काही घरांस पाणवठ्यावर येऊ दिले जात नसे, आणि ते दार गावाने नव्हे, तर देशाच्या घटनेने व कायद्याने उघडले. ह्यास्तव वरच्या सत्तेने खालच्या सत्तेच्या कामात कधीच हात घालू नये, असे आम्ही म्हणणार नाही.

मग भेद कोठे आहे? आमच्या मते तो असा. वरची सत्ता जेव्हा मुक्याच्या वतीने हात घालते, तेव्हा ती धर्म करते. आणि जेव्हा मुक्यावरच हात टाकते, तेव्हा अधर्म करते. दक्षिणेत काळ्या मनुष्यास वाचा नव्हती म्हणून राष्ट्राने ती त्यास दिली. वॉशिंग्टनच्या बाबतीत काँग्रेसपुढे ज्यास वाचा नव्हती, ते म्हणजे ते नगरच होते. ज्या सभासदांनी त्याचे निर्बंध सैल करण्याच्या बाजूने मत दिले, त्यांपैकी एकासही त्या नगराच्या मतदारांपुढे कधी उभे राहावे लागणार नव्हते. ज्या रस्त्यावर गोळी सुटावयाची, त्या रस्त्यावर त्यांची मुले खेळत नव्हती. आणि ज्या भवनात बसून त्यांनी मते दिली, त्या भवनात भेटीस येणाऱ्या साध्या नागरिकास झडतीवाचून शिरता येत नाही, मग पिस्तूल घेऊन शिरण्याची गोष्ट दूरच. स्वतःच्या दारास पहारा ठेवून शेजाऱ्याच्या दाराची कडी काढणे, ह्यास न्याय म्हणावे काय?

नवे घर बांधशील तेव्हा धाब्यास कठडा कर, नाही तर कोणी वरून पडल्यास त्याचे रक्त तुझ्या घरावर येईल, अशा अर्थाची आज्ञा अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. कठडा असूनही एखादा पडेल. म्हणून कठडा व्यर्थ असे मोशे म्हणत नाही. आणि कठडा कोणी करावा? ज्याच्या धाब्यावर माणसे वावरतात, त्याने. कोकणातल्या शेतकऱ्याकडे रानडुकरांपासून पीक राखण्यास परवान्याची ठासणीची बंदूक असते. तेथे ती अवजार आहे. तीच बंदूक दाटीच्या चाळीत, दोन घरांमधल्या पातळ भिंतीपाशी, भांडणाच्या रात्री भरलेली असली, तर ती अवजार राहत नाही. नेवाडाच्या ओसाड माळावरचा मनुष्य आणि राजधानीच्या गल्लीतील मनुष्य ह्यांची गरज एक नव्हे. हे भेद त्या त्या ठिकाणी राहणाऱ्यासच नीट कळतात. व्यक्तीच्या हक्काची सीमा न्यायालयाने आखावी, हे योग्यच आहे, आणि पुढेही नगराचे काही नियम न्यायालयांनी रद्द केले. परंतु त्या सीमेच्या आत आपला कठडा किती उंच असावा, हे घरात राहणाऱ्याने ठरवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बंदुकीच्या मोलाने मिळणारे मत नगराने घ्यावयाचे होते काय? नगरातही दोन मते पडली. काही म्हणाले, आधी मत तर घेऊ. मत हाती असले म्हणजे कायदे पुनः करण्यास झगडता येईल. हा विचार हलक्या मनाने टाकून देण्यासारखा नाही. पौलानेही आपल्या रोमी नागरिकत्वाचा हक्क सोडून दिला नाही. प्रसंगी तो ठणकावून सांगितला. हक्काची हेळसांड करणे ही नम्रता नव्हे. तथापि दुसरे म्हणाले, चारशेंहून अधिक मतांत आमचे एक मत पडणार, आणि त्याच्या बदल्यात आमच्या नगराची स्वतःचे रक्षण ठरविण्याची सत्ता जाणार. हा व्यवहार नको. २०१० च्या एप्रिलात ते विधेयक पुनः पुढे आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा बंदुकांच्या कलमांवरून विरोध इतका झाला की, प्रतिनिधिगृहाच्या पुढाऱ्यांनी ते मागे घेतले. मत गेले, नियम राहिले.

ह्या ठिकाणी आम्हांस शलमोनापुढील त्या दोन स्त्रियांची आठवण होते. मूल कापून अर्धे अर्धे करा म्हटल्यावर खऱ्या आईने आपला हक्क सोडला, आणि मूल जगू द्या अशी विनवणी केली. तिचा हक्क खोटा होता म्हणून तिने तो सोडला नाही. मूल हक्काहून मोठे आहे म्हणून सोडला. हक्क हा शेजाऱ्याचे हित साधण्यासाठी देवाने हाती दिलेले साधन आहे. तो घेण्याची किंमत जर शेजाऱ्याच्या लेकराने भरावयाची असेल, तर तो हक्क घेताना आपण त्याचा हेतूच विकून टाकतो. त्या कथेत राजा शहाणा होता, म्हणून आईस मूल तत्काळ मिळाले. वॉशिंग्टनला तसे मिळालेले नाही. २०२० व २०२१ साली प्रतिनिधिगृहाने त्यास संस्थानाचा पूर्ण दर्जा देणारी विधेयके मंजूर केली. सेनेटात ती अडली. योग्य ते करणाऱ्यास लगेच फळ मिळते, असे आम्ही कोणास सांगू शकत नाही. फळ न मिळताही जे करावयाचे तेच योग्य, इतकेच ख्रिस्ती मनुष्यास म्हणता येते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचा बंदुकीशी संबंध नाही. परंतु अशा अटीचा हक्क आमच्याही दारी येतो. निवडणुकीच्या दिवसांत कोणी म्हणतो, तुमच्या वस्तीस नळ देतो, मात्र शेजारच्या वस्तीच्या रस्त्याविषयी बोलू नका. कोणी म्हणतो, तुमच्या पोरास नोकरी लावतो, मात्र दारूच्या दुकानास विरोध करू नका. नळ हा आपला हक्कच आहे, आणि नोकरीची गरजही खरी आहे. तरी सही करण्यापूर्वी एवढे विचारावे की, ह्याचे मोल कोणाच्या घरातून जाणार? आणि आपण स्वतः पंच, मंडळीचे वडील किंवा ग्रामपंचायतीचे सभासद असलो, तर दुसरा प्रश्न विचारावा: ज्यांच्याविषयी आज आम्ही ठरवीत आहो, ते ह्या बैठकीत बसले आहेत काय? बसलेले नसतील, तर ठराव पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावा, आणि कोणास तरी पाठवून त्यांस बोलावून आणावे.