पादत्राण, व्रत आणि वाट

डोंगराळ मुलखात चालणाऱ्याने पायात काय घालावे, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. परंतु शिकारीसाठी घडवलेला, घोट्याच्या वर चढणारा चामडी बूट जेव्हा पदभ्रमणासाठी निवडला जातो, तेव्हा त्या निवडीत धर्मविचाराचे तीन जुने प्रश्न एकत्र येतात. माणसाने आपल्या देहाचे रक्षण किती करावे, त्या रक्षणासाठी दुसऱ्या जिवाची कातडी किती वापरावी, आणि ज्या भूमीला तो पूज्य मानतो तिच्यावर कसे पाऊल ठेवावे, हे ते प्रश्न होत. भारतीय परंपरांनी या तिन्हींचा विचार बारकाईने केला आहे आणि त्यांची उत्तरे आदिलाबादसारख्या जिल्ह्याच्या भूमीवर आजही पारखून घेता येतात.

उत्तरेला पैनगंगेपलीकडे महाराष्ट्राला भिडलेल्या या जिल्ह्याची जमीन पायाची परीक्षा घेणारी आहे. कापसाची काळी माती पावसात बुटाच्या तळाला थरावर थर चिकटत जाते आणि उन्हाळ्यात भेगाळून तिची ढेकळे दगडासारखी टणक होतात. सागाच्या रानात पानगळीनंतर वाळलेल्या पानांच्या खाली बोरीबाभळीचा काटा, सुटा दगड किंवा घोणस दिसत नाही. आणि नेरडिगोंडा मंडलातील कुंतला धबधब्याच्या पायथ्याशी पाण्याने गुळगुळीत झालेल्या, शेवाळलेल्या खडकांवर साधी चप्पल टिकत नाही. अशा ठिकाणी शिकारी बुटाचे काही गुण खरोखर उपयोगी पडतात. उंच कड घोट्याला मुरगळण्यापासून आणि काट्यांपासून जपते, खोल खाचांचा तळ उतारावर पकड देतो, आणि दाट शिवणीचे चामडे खडकाच्या घर्षणाला पुरून उरते. त्याचे इतर गुण मात्र येथे ओझे ठरतात, कारण बर्फाळ प्रदेशासाठी घातलेले उबदार अस्तर या उष्ण जिल्ह्यात पायाला घाम आणते, ओढा ओलांडताना आत शिरलेले पाणी लवकर निघत नाही, आणि फार जवळजवळ असलेल्या खाचांत काळी माती अडकून पाय जड होतो. बूट चालून पाय थोडे सुजलेले असताना, म्हणजे संध्याकाळी, जाड मोजा घालून पाहावा, उतारावर बोटे पुढे आदळणार नाहीत इतकी जागा त्यात असावी आणि लांबच्या वाटेआधी तो घरी वापरून पायाला सरावाचा करावा, हा अनुभवाचा सल्लाही त्याच विचाराचा भाग आहे: निवड जमिनीने ठरवायची, दिखाव्याने नव्हे.

हाच निकष एका प्राचीन कथेच्या मुळाशी आहे आणि तिच्या नायिकेचे प्रसिद्ध ठाणे आदिलाबादच्या शेजारीच, माहूरच्या गडावर आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्री आणि पादत्राण यांच्या दानाचा उगम सांगताना भीष्म युधिष्ठिराला जमदग्नी आणि रेणुका यांचा प्रसंग कथन करतात. जमदग्नी धनुर्विद्येचा खेळ करीत बाण सोडत होते आणि रेणुका ते वेचून आणीत होती. ज्येष्ठातल्या भर दुपारी तिचे मस्तक आणि तळपाय पोळले, म्हणून ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली. उशिराचे कारण कळल्यावर ऋषी सूर्यावरच बाण रोखून उभे राहिले, तेव्हा सूर्याने शरण येऊन डोक्यासाठी छत्र आणि पायांसाठी चामड्याचे पादत्राण दिले. या कथेत पादत्राण हे ऐश्वर्याचे चिन्ह म्हणून येत नाही. ते पोळलेल्या पायांवरचा उतारा म्हणून येते, आणि म्हणूनच त्याचे दान पुण्यकारक मानले गेले. माहूरला रेणुकेच्या दर्शनासाठी गड चढणारा भाविक मंदिराशी वहाणा काढतो, हे योग्यच आहे. पण ज्या देवीच्या पायांना चटके बसले म्हणून पादत्राण जगात आले अशी कथा आहे, तिच्या वाटेवर पाय जपण्यात कोणताही अधर्म नाही, हेही तितकेच खरे आहे.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या आचारनियमांच्या संग्रहात, हा विचार अधिक नेमका होतो. महावग्गातील चर्मविषयक प्रकरण सोण कोळिविस या भिक्षूपासून सुरू होते. अत्यंत सुखात वाढलेल्या या तरुणाचे पाय इतके कोमल होते की चंक्रमण, म्हणजे ध्यानपूर्वक येरझारा, करताना त्याची वाट रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला एकपदरी तळाची पादत्राणे वापरण्याची परवानगी दिली, तेव्हा ती सवलत सर्व संघाला मिळणार असेल तरच आपण घेऊ, असे सोणाने सांगितले, आणि बुद्धांनी ती सर्वांना दिली. पुढे आपले गुरू महाकच्चान यांच्या वतीने दुसऱ्या एका सोणाने, सोण कुटिकण्णाने, अवंती-दक्षिणापथातील भिक्षूंची अडचण मांडली, की तेथील भूमी वरून काळी, टणक आणि गुरांच्या खुरांनी तुडवून खडबडीत झालेली आहे. तेव्हा सीमेपलीकडच्या प्रदेशांत अनेकपदरी तळाची पादत्राणे वापरण्यास मुभा मिळाली. दख्खनच्या काळ्या मातीवर चालणाऱ्याला हे वर्णन अनोळखी वाटणार नाही. येथे नियम देहाला छळण्यासाठी नाही आणि सवलत चैनीसाठी नाही. भूमी बदलली की योग्य मात्राही बदलते, एवढेच विनय मान्य करतो.

त्याच प्रकरणात मर्यादाही आखलेल्या आहेत. सिंह, वाघ, चित्ता यांच्या कातड्याने सजवलेली पादत्राणे निषिद्ध ठरली, आणि वासराच्या सुंदर कातडीचे कौतुक करून एका भिक्षूने उपासकाकडून ते वासरू मारवल्यावर गाईच्या कातड्याचा वापर वर्ज्य झाला. लाकडी पादत्राणांचाही निषेध झाला, कारण पहाटे त्यांच्या खडखडाटाने भिक्षूंचे ध्यान मोडत होते आणि पायाखाली किडे चिरडले जात होते. आजच्या निवडीला यातून दोन बोध मिळतात. पहिला असा, की चामड्याचा बूट घेताना त्यामागच्या जिवाचा विचार टाळता येत नाही, आणि कापडी किंवा कृत्रिम बूट पुरेसा असेल तर तोच घ्यावा. दुसरा असा, की रानात पाऊल हलके पडावे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला मनाई केली आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील कवालचे रान 2012 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. म्हणून येथे शिकारी बुटाचा उपयोग पाहणाऱ्याचा आणि राखणाऱ्याचा असू शकतो, मारणाऱ्याचा नव्हे.

याच्या दुसऱ्या टोकाला अनवाणी चालण्याचे व्रत आहे. जैन मुनी पादत्राण वापरत नाहीत आणि ईर्यासमिती, म्हणजे सुमारे चार हात पुढची जमीन न्याहाळत जीव वाचवून चालण्याचा नियम, पाळतात. आदिलाबादमध्ये इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरच्या नागोबाची जत्रा पुष्य अमावास्येच्या महापूजेने सुरू होते. त्याआधी मेस्राम कुळातील गोंड अनवाणी पायी गोदावरीपर्यंत जाऊन झारीत गंगाजल आणतात. त्यांच्या पायांना बुटांचे कवच नसते, आणि ते का नसावे हे त्यांनी स्वतः, कुळाच्या परंपरेने, ठरवलेले असते. ज्या मातीतून पीक येते आणि ज्या नदीचे जल दैवताला वाहायचे आहे, तिच्याशी देहाचा थेट स्पर्श राहावा, असा त्या चालण्याचा अर्थ सहज लागतो.

परंतु व्रताचे मोल स्वेच्छेवर अवलंबून असते. देशातील कित्येक गावांत वरच्या म्हणवणाऱ्या वस्तीतून जाताना अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला वहाणा काढून हातात घ्याव्या लागत, आणि त्यांतील अनेक वहाणा त्याच समाजाच्या हातांनी शिवलेल्या असत. त्या अनवाणी चालण्यात पुण्याचा अंशही नव्हता, तो निखळ अन्याय होता, आणि संविधानाच्या 17 व्या अनुच्छेदाने अस्पृश्यतेचा कोणताही आचार गुन्हा ठरवला. ज्याला जोडे घालण्याचा अधिकार आहे त्याचेच जोडे काढणे त्याग ठरते. सोण कोळिविसाने सर्वांना मिळेल तेव्हाच घेईन म्हणणे आणि मेस्राम यात्रिकांनी स्वेच्छेने अनवाणी चालणे, ही दोन्ही कृत्ये म्हणूनच एकाच नैतिक पातळीवर उभी राहतात.

यावरून निष्कर्ष असा, की पादत्राण हा मुळात करुणेचा विषय आहे आणि त्याची योग्य मात्रा वाट, ऋतू आणि पाय यांनी ठरते. जो आदिलाबादच्या डोंगरांत हौसेने भटकायला येतो, त्याने बूट जमिनीला साजेसा, गरजेपुरता आणि शक्यतो जिवाच्या कातडीवाचून निवडावा, देवस्थानी तो विनयाने काढावा, आणि अनवाणी यात्रिकाच्या व्रताला अज्ञान समजू नये. त्याच रानात तेंदूपाने आणि मोहाची फुले वेचणारे, तसेच वनरक्षक, झिजलेल्या चपलांनी चालत असतील, तर चांगल्या बुटाची पहिली गरज त्यांची आहे. आपल्यासाठी एक जोड घेणाऱ्याने अशा एका पायासाठी दुसरा जोड द्यावा. भीष्मांनी ज्या दानाची थोरवी सांगितली, ते हेच दान आहे.